शंभर वर्षांचा भाडेकरार: इस्रायल-पॅलेस्टाईनमध्ये चर्चची शांततेसाठी धडपड

इस्रायल-पॅलेस्टाईन असं नाव घेतलं की आपल्या फोनवर काय येतं? रॉकेट, बॉम्ब, कोसळलेल्या इमारती आणि खाली कमेंटमध्ये पेटलेली भांडणं. आजच्या भागात यातलं थोडं येणारच, ते टाळता येत नाही. पण सुरुवात करूया एका साध्या गोष्टीपासून, एका भाडेकरारापासून.

तेल अवीवहून जेरुसलेमला जाणाऱ्या हायवेवर, साधारण अर्ध्या वाटेत लात्रुन नावाचं ठिकाण लागतं. आपल्या वसईहून किंवा गोव्याहून जी मंडळी ‘होली लँड’च्या टूरला जातात, त्यांच्या बसमधूनही ते दिसतं. तिथल्या टेकडीवर एक जुना कॅथलिक मठ आहे. ट्रॅपिस्ट पंथाचे मठवासी तिथे राहतात. कमी बोलायचं, प्रार्थना करायची, द्राक्षमळा सांभाळायचा आणि वाईन बनवायची, असं त्यांचं आयुष्य.

१९७० मध्ये या मठाने आपली सुमारे ४० हेक्टर, म्हणजे जवळपास १०० एकर जमीन दुसऱ्या एका पाद्र्याच्या हवाली केली. विकली नाही, भाड्याने दिली. भाडं अगदी नावापुरतं आणि मुदत तब्बल १०० वर्षं. कशासाठी? तर ज्यू आणि पॅलेस्टिनी अरब एकत्र राहतील असं गाव वसवायला.

आता बघा, १९६७ चं युद्ध होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुढचं मोठं युद्ध तीन वर्षांनी, १९७३ मध्ये होणार होतं. आणि मधल्या काळात कुणीतरी शंभर वर्षांचा करार करतंय! हे गाव झालं का? त्याचं पुढे काय झालं? आणि मुळात ज्यू आणि मुस्लिम यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या या भांडणात चर्च आलं कुठून?

चर्च मध्ये का पडलं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करू. ‘ज्यू विरुद्ध मुस्लिम’ हे चित्रच अर्धवट आहे. पॅलेस्टिनी समाजात ख्रिश्चनही आहेत. आज त्या भूमीवर त्यांची संख्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास असेल, पण ते कुठून बाहेरून आलेले नाहीत. बेथलेहेम, नाझरेथ, जेरुसलेम इथे ते शतकानुशतकं राहतात, अरबी बोलतात आणि अरबीत प्रार्थना करतात. १९४८ मध्ये लाखो पॅलेस्टिनी बेघर झाले, त्यांत हेही होते. म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चसाठी हा वाद परक्याचा नव्हता, घरातला होता.

दुसरीकडे युरोपातल्या चर्चवर वेगळंच ओझं होतं. ‘येशूला ज्यूंनी मारलं’ ही शिकवण युरोपात शेकडो वर्षं चालली. तिच्यातून द्वेष वाढला, कत्तली झाल्या आणि नाझींच्या छळछावण्यांनंतर या शिकवणीकडे डोळेझाक करणं अशक्य झालं. शेवटी २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने ‘नोस्त्रा एताते’ नावाचं निवेदन काढलं. येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं. मुस्लिमांबद्दलही आदराने लिहिलं.

म्हणजे चर्चची अवस्था अशी, की एका बाजूला ज्यूंबद्दलची अपराधाची भावना आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्याच पॅलेस्टिनी माणसांचं दुःख. कोर्टातल्या न्यायाधीशासारखं त्रयस्थ राहणं त्याला शक्यच नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फादर ब्रुनोची टेकडी

मठाची जमीन ज्याने घेतली त्या पाद्र्याचं नाव ब्रुनो हुसार. त्याची कुंडली मांडायची तर ज्योतिषीसुद्धा गोंधळेल! जन्म १९११ चा, इजिप्तमधल्या कैरोचा. आईवडील ज्यू. शिक्षण पॅरिसमध्ये, इंजिनिअरिंगचं. तरुणपणी कॅथलिक झाला, डॉमिनिकन संघात गेला आणि १९५० मध्ये धर्मगुरू. १९५३ मध्ये जेरुसलेमला आला आणि १९६६ मध्ये इस्रायलचा नागरिक झाला. नोस्त्रा एतातेच्या कामातही त्याने मदत केली होती. तो म्हणायचा, माझ्यात एकाच वेळी ख्रिश्चन पाद्री आहे, ज्यू आहे, इस्रायली आहे आणि अरबांबद्दल वाटणारी जवळीकही आहे.

त्याचं म्हणणं सोपं होतं. चर्चासत्रात लोक दोन तास गोड बोलतात आणि आपापल्या घरी जातात. त्यापेक्षा शेजारी राहा. एकमेकांच्या मुलांचा आवाज ऐका, पाण्यावरून भांडा, मिटवा. गावाचं नाव त्याने बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथावरून घेतलं. हिब्रूत ‘नेवे शालोम’ आणि अरबीत ‘वाहत अल-सलाम’. शांतीचं ओअ‍ॅसिस.

नाव ओअ‍ॅसिसचं, पण टेकडीवर पाणी नव्हतं, झाड नव्हतं, रस्ता नव्हता, वीज नव्हती. १९४९ च्या युद्धबंदी रेषांमधला हा भाग, कित्येक वर्षं कुणाचाच नसलेला. सुरुवातीला ब्रुनो आणि मोजके साथीदार तिथे कसेबसे राहिले. बरीच वर्षं एकही कुटुंब राहायला आलं नाही. १९७० चं दशक संपत आलं तेव्हा पहिली काही कुटुंबं आली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. याच लात्रुन परिसरात इम्वास, यालो आणि बैत नुबा अशी तीन पॅलेस्टिनी गावं होती. १९६७ च्या युद्धात इस्रायली सैन्याने तिथल्या हजारो लोकांना हाकलून लावलं आणि घरं पाडून टाकली. आज त्यांतल्या बऱ्याच जमिनीवर ‘कॅनडा पार्क’ नावाचं सहलीचं उद्यान आहे. शांतीच्या गावाचे शेजारी असे पुसलेले होते. त्यामुळे तिथे राहायला येणाऱ्या पॅलेस्टिनी कुटुंबासाठी ‘झालं गेलं विसरून जाऊ’ हे वाक्य सोपं नव्हतं.

एकाच गावात दोन इतिहास

गावाने एक नियम धरला. कुटुंबं निम्मी ज्यू, निम्मी पॅलेस्टिनी. हे पॅलेस्टिनी म्हणजे इस्रायलचेच नागरिक असलेले अरब, मुस्लिम आणि ख्रिश्चन दोन्ही. आजही तिथे दोन्ही समाजांची कुटुंबं राहतात. १९७९ मध्ये ‘स्कूल फॉर पीस’ सुरू झालं. दोन्ही समाजांतल्या हजारो तरुणांनी तिथे समोरासमोर बसून चर्चा केल्या, आणि त्या चर्चा गोडगोड नसतात. १९८४ मध्ये दोन भाषांची शाळा सुरू झाली. मुलं हिब्रू आणि अरबी एकत्र शिकतात. बहुतेक मुलं तर आसपासच्या गावांतून येतात.

आता यातली गंमत बघा. ब्रुनोला हवं होतं धार्मिक लोकांचं गाव. ज्यू, ख्रिश्चन, मुस्लिम आपापली श्रद्धा जपत एकत्र राहतील असं. पण राहायला आले ते बहुतेक धर्माशी फारसं देणंघेणं नसलेले लोक! त्यांना प्रार्थनेपेक्षा समान हक्कांची चर्चा महत्त्वाची वाटत होती. ब्रुनोने गावावर आपलं स्वप्न लादलं नाही. तिथे एक गोल घुमटाची पांढरी खोली आहे. ना क्रॉस, ना चंद्रकोर, ना दाऊदचा तारा. नाव ‘दुमिया-सकिना’. दुमिया म्हणजे हिब्रूत मौन, सकिना म्हणजे अरबीत मनाची शांती. ज्याला जसं बसायचं तसं त्याने बसावं. १९९६ मध्ये ब्रुनो गेला, तोपर्यंत गाव आपल्या पायावर उभं राहिलं होतं.

खरी परीक्षा पुढच्याच वर्षी आली. ४ फेब्रुवारी १९९७ रोजी सैनिकांना लेबनॉनकडे घेऊन जाणारी दोन इस्रायली हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळली आणि ७३ सैनिक ठार झाले. त्यात या गावात वाढलेला एक तरुण होता. गावाच्या शाळेत शिकलेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोठा झालेला. ज्यू शेजाऱ्यांना त्याचं स्मारक हवं होतं. पॅलेस्टिनी शेजारी अंत्ययात्रेला आले, रडलेही. पण सैनिकाचं स्मारक आपल्या गावात? जे सैन्य लेबनॉनमध्ये लढतंय, ज्या सैन्याने आपली गावं रिकामी केली, त्याच्या गणवेशातल्या माणसाचं?

विचार करा, दोघांपैकी कोण चूक? आईवडिलांचा मुलगा गेलाय. आणि शेजाऱ्याचं आजोळ नकाशावरून गेलंय. गावात वाद झाला, लांबला, मैत्र्या ताणल्या. शेवटी बास्केटबॉलच्या मैदानावर एक छोटा फलक लागला. कुणाचंच पूर्ण समाधान झालं नाही. पण बहुतेक कुटुंबं तिथेच राहिली, आणि माझ्या मते या गावाचं मोठेपण याच गोष्टीत आहे.

कुलूप लावलेलं चर्च

आता उत्तरेला जाऊ, गॅलिलीत. लेबनॉनच्या सीमेजवळ बिरीम आणि इक्रित ही दोन ख्रिश्चन पॅलेस्टिनी गावं होती. १९४८ च्या शेवटी इस्रायली सैन्याने गावकऱ्यांना सांगितलं, थोडे दिवस बाहेर पडा, मग परत या. ते ‘थोडे दिवस’ अजून संपलेले नाहीत. हे लोक इस्रायलचे नागरिक झाले, कोर्टात गेले. इक्रितच्या बाजूने १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकालही लागला. पण त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सैन्याने इक्रितची घरं सुरुंग लावून उडवली. सप्टेंबर १९५३ मध्ये बिरीमवर विमानांतून बॉम्ब टाकले. गावकरी समोरच्या टेकडीवरून बघत होते. उरलं ते चर्च.

या लोकांच्या मदतीला आले आर्चबिशप जोसेफ राया. मूळचे लेबनॉनचे, पण बरीच वर्षं अमेरिकेत, अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये होते. म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी चाललेल्या आंदोलनाच्या ऐन आगीत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत उभे राहिले म्हणून कू क्लक्स क्लॅनच्या गुंडांचा मारही त्यांनी खाल्ला होता. १९६८ मध्ये ते गॅलिलीत आले आणि तिथलीच पद्धत इथे वापरली. ऑगस्ट १९७२ मध्ये निषेध म्हणून एका रविवारी त्यांनी आपल्या अखत्यारीतली चर्च बंद ठेवली. विचार करा, आर्चबिशपच म्हणतोय, आज प्रार्थना नाही! मग जेरुसलेममध्ये हजारोंचा मोर्चा निघाला. त्यात ज्यू विद्यार्थी होते, प्राध्यापक होते, लेखक होते. ‘या लोकांना घरी जाऊ द्या’ असं इस्रायली ज्यू आपल्याच सरकारला सांगत होते.

पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी नकार दिला. दोन गावांना परवानगी दिली तर बाकीचेही मागतील, ही सरकारची भीती. १९७४ मध्ये राया यांनी पद सोडलं. बिरीमचे लोक आजही लग्नाला, सणाला आणि दफनाला त्या ओसाड गावातल्या चर्चमध्ये जमतात.

याच बिरीममधून लहानपणी बाहेर पडलेला एक मुलगा म्हणजे इलियास शकूर. धर्मगुरू होऊन तो १९६५ मध्ये इबिलिन नावाच्या गावात आला, तर तिथले ख्रिश्चनच एकमेकांचं तोंड बघत नव्हते. सख्खे भाऊ वैरी. शकूर यांनी आपल्या ‘ब्लड ब्रदर्स’ या पुस्तकात एक प्रसंग सांगितलाय. पाम संडेची प्रार्थना संपली, लोक निघाले, तर दाराला कुलूप! किल्ली फादरच्या खिशात. म्हणाले, एक तर इथेच एकमेकांना मारून टाका, मी दफन फुकट करतो, नाही तर समेट करा. बराच वेळ सन्नाटा. मग एक जण उठला, पोलिसात असलेला, आणि भावांची माफी मागितली. थोड्या वेळात सगळं चर्च रडत, मिठ्या मारत होतं.

ज्याचं गाव इस्रायलने उडवलं, त्या माणसाने सुरुवात आपल्याच लोकांपासून केली. मग १९८० च्या दशकात इबिलिनच्या टेकडीवर हायस्कूल उभं केलं. परवानगी मिळेना, तरी बांधलं. मुस्लिम, ख्रिश्चन, द्रुझ मुलं एका वर्गात आणि शिकवणाऱ्यांत ज्यू शिक्षकही.

जाहीरनाम्यांचं काय झालं?

आता मोठ्या लोकांकडे वळू. जानेवारी २००२. दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा दुसरा उठाव, जोरात होता. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात एक बैठक झाली. बोलावणारे होते अँग्लिकन चर्चचे प्रमुख, आर्चबिशप जॉर्ज केरी. सोबत कैरोच्या अल-अझहरचे प्रमुख इमाम तंतावी. इस्रायलकडून मुख्य रब्बी बक्शी-दोरोन आणि रब्बी मायकेल मेलकियोर, पॅलेस्टिनींकडून मुस्लिम शेख आणि ख्रिश्चन धर्मगुरू. देवाच्या नावाने निरपराधांना मारणं म्हणजे देवाच्याच नावाचा अपमान, असं या सगळ्यांनी मिळून लिहून दिलं. ही साधी गोष्ट नव्हती.

पण दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, नेतान्यातल्या हॉटेलात ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या जेवणावेळी आत्मघाती स्फोट झाला. ३० माणसं गेली. इस्रायली सैन्य वेस्ट बँकेतल्या शहरांत घुसलं. बेथलेहेममध्ये येशूच्या जन्मस्थळावरच्या चर्चमध्ये पॅलेस्टिनी बंदूकधारी शिरले, आत धर्मगुरू आणि सामान्य लोकही अडकले आणि बाहेरून सैन्याने वेढा घातला. ३९ दिवस!

म्हणजे जाहीरनामा फुकट गेला? तसंही नाही. त्या बैठकीत ज्यांची ओळख झाली होती, त्यांनी एकमेकांचे फोन उचलले. केरी यांचे प्रतिनिधी, अँग्लिकन धर्मगुरू अँड्र्यू व्हाइट, वेढा सोडवण्याच्या बोलण्यांतही होते. कागद विरला, ओळखी उरल्या.

असंच पुन्हा दिसलं ८ जून २०१४ रोजी. पोप फ्रान्सिस यांनी इस्रायलचे अध्यक्ष शिमोन पेरेस आणि पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांना व्हॅटिकनच्या बागेत बोलावलं. ज्यू, ख्रिश्चन, मुस्लिम प्रार्थना झाल्या, ऑलिव्हचं झाड लावलं. सुंदर फोटो. चारच दिवसांनी वेस्ट बँकेत तीन इस्रायली किशोरांचं अपहरण झालं, नंतर त्यांचे मृतदेह मिळाले. एका पॅलेस्टिनी मुलाला जिवंत जाळलं गेलं. आणि एका महिन्याच्या आत गाझात युद्ध सुरू झालं.

नुसतं सोबत उभं राहणं

२००२ मध्येच आणखी एक काम सुरू झालं, फारसं गाजावाजा नसलेलं. जेरुसलेममधल्या चर्चप्रमुखांच्या विनंतीवरून वर्ल्ड काउन्सिल ऑफ चर्चेसने जगभरातून स्वयंसेवक पाठवायला सुरुवात केली. साधारण तीन महिन्यांसाठी. काम काय? पहाटे चेकपॉइंटवर उभं राहायचं. किती माणसं कामावर जाऊ शकली, कितींना परत पाठवलं, हे वहीत लिहायचं. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या सोबतीने चालायचं. ऑलिव्हच्या तोडणीला शेतकऱ्याबरोबर शेतात जायचं. कुणीतरी बाहेरचं बघतंय म्हटल्यावर दगड उचललेला हात जरा थबकतो, एवढाच हिशोब.

इस्रायल सरकार आणि अनेक ज्यू संघटना म्हणाल्या, हे लोक एकच बाजू बघतात. स्फोटांत मेलेल्यांचं काय? २००९ मध्ये पॅलेस्टिनी ख्रिश्चनांनी ‘कैरोस’ नावाचं निवेदन काढून इस्रायलचा ताबा हे पाप आहे असं म्हटलं आणि अहिंसक प्रतिकाराची हाक दिली, तेव्हाही हाच आक्षेप आला. उलट बाजूने अनेक पॅलेस्टिनी म्हणतात, आमची जमीन जातेय आणि तुम्ही आम्हाला ज्यूंबरोबर गाणी म्हणायला बोलावता? ही सारवासारव आहे.

मला दोन्ही आक्षेपांत दम वाटतो. मघाशी म्हटलं ना, चर्च इथे त्रयस्थ नाही. पण ज्याला दोन्हीकडच्या जखमा ठाऊक आहेत, त्याचा उपयोग कदाचित त्यामुळेच होतो.

आणि आज?

७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझातलं युद्ध तुम्ही बघितलंय. हल्ल्यानंतर काही दिवसांत जेरुसलेमचे कॅथलिक प्रमुख, कार्डिनल पिझ्झाबाला म्हणाले, ओलीस ठेवलेल्या मुलांच्या बदल्यात मी यायला तयार आहे. त्याच महिन्यात गाझातल्या प्राचीन सेंट पोर्फिरियस चर्चच्या आवारावर इस्रायली हल्ल्यात आसरा घेतलेली माणसं मेली. होली फॅमिली या कॅथलिक चर्चमध्ये शेकडो लोक राहत होते. मदर तेरेसांच्या संघाच्या सिस्टर्स तिथे अपंग मुलांना सांभाळत होत्या, मुस्लिम घरांतल्याही. पोप फ्रान्सिस आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे एप्रिल २०२५ पर्यंत, जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करायचे. आज काय खाल्लं, हे विचारायला. जुलै २०२५ मध्ये त्या चर्चवरही तोफगोळा पडला, तीन माणसं गेली. दुसऱ्या दिवशी कॅथलिक आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स असे दोन्ही प्रमुख एकत्र गाझात गेले.

नेवे शालोमलाही झळा बसल्या आहेत, आणि त्या जुन्या आहेत. २०१२ मध्ये गावातल्या गाड्यांचे टायर फाडून भिंतींवर द्वेषाच्या घोषणा लिहिल्या होत्या. २०२० मध्ये स्कूल फॉर पीसची इमारत आगीत जळाली. गावाने ती पुन्हा उभी करायला घेतली.

मग या सगळ्याचा हिशोब काय? चर्चला शांतता आणता आली का? नाही. ती राजकारण्यांनाच आणावी लागेल, आणि त्यात जमीन, हद्द, घरी परतण्याचा हक्क, सुरक्षितता हे प्रश्न सोडवावेच लागतील. प्रार्थनेने चेकपॉइंट उठत नाही. पण पन्नास वर्षांकडे बघितलं तर एक फरक दिसतो. जिथे फक्त सही झाली, तिथे पुढच्या स्फोटानंतर फार थोडं उरलं. जिथे जागा दिली गेली, म्हणजे टेकडी, शाळेचा वर्ग, कुलूपबंद चर्च, चेकपॉइंटवरची पहाट, तिथे माणसं भांडून का होईना, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटली.

लात्रुनच्या त्या मौनी मठवासीयांनी भाषण केलं नाही. आपली जमीन दिली आणि मुदत लिहिली १०० वर्षं. त्या हिशोबाने मूळ मुदत २०७० पर्यंतची. म्हणजे आज त्या शाळेत पहिलीत हिब्रू आणि अरबी गिरवणारं मूल तेव्हा पन्नाशीत असेल. त्याच्या शेजारी कोण राहत असेल, हे अजून ठरायचं आहे.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या ग्रुपवर या विषयावरून भांडण पेटलेलं असेल, तर हा भाग तिथे टाका आणि आधी दोघांनाही ऐकायला लावा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!